रोहीचं घर रिकामं

नमस्कार मित्रांनो. हातभर लांब, वीतभर रुंद, सात भोकं पाडलेली बाभळीची फळी तुम्ही कधी पाहिली नसेल, आणि पाहिली असती तरी लक्षात ठेवली नसती. ती मी. धाराशिवच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाला खेटून एक अरुंद गाळा आहे. बाहेर पाटी आहे, ‘बंदूक दुरुस्ती व काडतुसे. परवाना दाखवल्याशिवाय भाव विचारू नये.’ पाटी लिहिणारा माणूस जाऊन तीस वर्षं झाली, पण पाटीतला राग अजून वाळलेला नाही. त्या गाळ्यातल्या काचेच्या कपाटावर मी सत्तरेक वर्षं पडून आहे.

त्याआधी मी बैलगाडीच्या तळाला होते. ज्वारीची पोती, कडबा, सासरी निघालेल्या लेकी, सगळ्यांचं वजन मी सोसलं. गाडी मोडली, फळ्या सरपणाला निघाल्या. शरणप्पा नावाचा एक कारागीर तिथून चालला होता. तो बंदुकांचे लाकडी दस्ते घडवायचा. त्यानं मला उचललं, नखानं टोकरलं, वास घेतला आणि सरपणवाल्याला म्हणाला, ही जळायची न्हाय. एवढ्या एका वाक्यावर मी जगले.

शरणप्पांनी मला रंधा मारला, तेल पाजलं आणि माझ्यात सात भोकं पाडली. त्यांना ते भोकं म्हणत नसत, घरं म्हणत. प्रत्येक घराखाली तापलेल्या तारेनं एकेका जनावराचं चित्र डागलं. मला दुखलं असेल, आता आठवत नाही. चित्रं मात्र सुरेख निघाली.

घरं कशाला, ते सांगते. बंदुकीच्या नळीचं तोंड केवढं, त्यावर गोळी केवढी हे ठरतं. त्या मापाला कुणी बोअर म्हणतं, कुणी कॅलिबर. काडतुसाच्या बुडावर ते बारीक आकड्यांत लिहिलेलं असतं, आणि त्या काळी दुकानात येणाऱ्या दहांतल्या आठ जणांना आकडे वाचता येत नसत. चित्र सगळ्यांना वाचता येतं. सशाच्या घरात पॉइंट टू-टूची करंगळीहून बारीक पुंगळी. तितराच्या घरात बाराबोअरची, बारीक छर्‍याची. रानडुकराच्या घरातही बाराबोअरचीच, पण एका मोठ्या गोळीची. काळविटाला तीनशे पंधरा. सांबराला थर्टी-ओ-सिक्स. गव्याला तीनशे पंचाहत्तर मॅग्नम, ती तर पोराच्या बासरीएवढी. आमच्या भागात गवा कुठला, पण लांबच्या जंगलात जाणारी गिऱ्हाइकंही असत आणि त्यांच्या मिशाही त्याच मापाच्या असत.

सातवं घर रोहीचं. नीलगाय म्हणतात ना, ती. ते घर रिकामं.

त्याला कारण शरणप्पांचा नियम. माझ्यात कुठलीही पुंगळी फुकटात बसत नव्हती. ज्या काडतुसानं एकाच गोळीत काम केलं, जनावराला धावू दिलं नाही, ओरडू दिलं नाही, त्याचीच रिकामी पुंगळी गिऱ्हाईक आणून देई आणि शरणप्पा ती घरात बसवत. सहा घरं भरली. रोहीचं भरेना. एक तर पुष्कळ लोक त्याला गाईच्या गोतातलं मानत, कुणी हात उचलत नसे. आणि ज्यांनी उचलला ते परत येऊन सांगत, दोन लागल्या, तीन लागल्या, मग बसला. शरणप्पा ऐकून घेत आणि पुंगळी परत देत.

गंमत अशी, की या माणसानं आयुष्यात मुंगीसुद्धा जाणूनबुजून मारली नाही. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, घरात कांदासुद्धा वार बघून. गिऱ्हाईक विचारायचं, शरणप्पा, तुम्हाला शिकारीतलं काय कळतं? ते म्हणायचे, न्हाव्याचं सवताचं लगीन नसलं म्हणून त्यानं नवरदेवाची दाढी करू न्हाय व्हय?

पण त्यांना कळत होतं. ते तीन प्रश्न विचारत. कोणतं जनावर? किती पावलांवरून? त्याच्या पाठीमागं काय आहे? तिसऱ्या प्रश्नाला गिऱ्हाईक अडखळलं की शरणप्पा मला पिशवीत घालत आणि त्याच्या रानात जात. जिथं जनावर येतं तिथं स्वतः उभे राहत. गिऱ्हाइकाला त्याच्या बसायच्या जागी रिकाम्या हातानं बसवत. माझ्या पाठीवर दोन तळहातांएवढा चुन्याचा गोल काढलेला आहे, तो त्याच्याकडं करून मला काठीवर जनावराच्या छातीच्या उंचीला बांधत. गोल दिसतो का, ओरडून विचारत. मग वळून, जनावराच्या जागेवरून, मागचं सगळं रान बघत. गोळी जनावरापाशी थांबते असं माणसाला वाटतं, ते म्हणत, गोळीला तसं कुणी सांगितलेलं नसतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमारास कायदा आला. शिकार बंद झाली. शरणप्पांनी लाख वितळवली आणि माझ्या सातही चित्रांवर एकेक लाल थेंब सोडला. त्या दिवशी ते जेवले की नाही, मला ठाऊक नाही. बरं वाटल्यासारखे दिसत होते.

मग माझे वाईट दिवस आले. दुकान चाललं ते दुरुस्तीवर, बँकेच्या पहारेकऱ्यांच्या बंदुकांवर. माझ्यावर चहाचे पेले ठेवू लागले. माझ्या अंगावरचे गोल डाग त्या काळातले. शरणप्पा गेले, त्यांचे चिरंजीव शंभुलिंगअप्पा गल्ल्यावर बसले. त्यांची मुलगी महेश्वरी फ्रॉक घालून दुकानात यायची आणि माझ्या रिकाम्या घरात उदबत्ती खोचायची. उदबत्ती तिरकी टेकून राहायला इतकं सोयीचं भोक सगळ्या धाराशिवात नव्हतं. अप्पा तिला रागवायचे. ते कुणाचं तरी घर आहे अव्वा, म्हणायचे; लेकीला ते लाडानं अव्वा म्हणत. ती म्हणायची, मग ते राहायला का येत नाहीत?

पुढं रानडुकरं आणि रोही पिकांत घुसून धुडगूस घालू लागले. शेतकऱ्यांना वनखात्याकडून कधीमधी कागद मिळू लागले, अमुक एक जनावर, अमुक इतके दिवस. तेव्हा अप्पांनी गरम सुरीनं माझ्यावरची दोन चित्रांची लाख खरवडली. डुक्कर आणि रोही पुन्हा उजेडात आले. बाकीची पाच अजून लाखेखाली निजलेली आहेत आणि माझी तक्रार नाही.

आता मित्रांनो, ज्यासाठी तुम्हाला बसवलं ते सांगते. गेल्या कार्तिकातली गोष्ट.

व्यंकट नावाचा वाशी तालुक्यातला शेतकरी दुकानात आला. पन्नाशीचा, रुंद खांद्याचा, बोलताना खाली बघणारा. त्याच्याकडं वडिलांच्या वेळची बाराबोअरची बंदूक होती, परवान्यावर आणखी एक रायफल घ्यायची मंजुरी होती, आणि वनखात्याचा कागद होता. एक नर रोही, पंधरा दिवस. पुण्याच्या मेव्हण्यानं त्याला सांगितलं होतं, सगळ्यात मोठी घे. म्हणून त्यानं गव्याच्या घरावर बोट ठेवलं.

अप्पांनी मला त्याच्यासमोर सरकवलं. कपाटाच्या पलीकडं महेश्वरी एका बंदुकीचा घोडा घासत बसली होती. ती आता बत्तीस वर्षांची आहे. हाताचं काम आता तीच करते. अप्पांचे गुडघे गेलेत आणि नजर अर्धी राहिली आहे.

कोणतं जनावर, ते झालं. किती पावलं, तर दीडशे-पावणेदोनशे. पाठीमागं काय?

“मागं काय असणार अप्पा? रान हाय.”

“रान म्हंजे काय?”

व्यंकटनं गव्याच्या घरावरचं बोट काढलं. मग त्यानं जे सांगितलं ते मेव्हण्यालाही सांगितलं नसावं. गेल्या वर्षीही त्याच्याकडं कागद होता. तुरीत रोही आला, त्यानं ऐंशी पावलांवरून बाराबोअरचे मोठे छर्रे मारले. जनावर गुडघ्यावर आलं, उठलं आणि गेलं. चार दिवस त्यानं माग काढला. रक्त सापडायचं, जनावर सापडायचं नाही. पाचव्या दिवशी रक्तही सापडेना. तेव्हापासून तुरीच्या रानात जायला त्याचा पाय उचलत नाही, आणि न जावं तर तूर राहत नाही. तीन एकरांतलं एक एकर आजच भुईसपाट होतं.

“बंदूक ल्हान पडली माझी,” तो म्हणाला. “आवंदा पुन्हा तसं नको. लागली तर संपाय पायजे. म्हून मोठी द्या.”

अप्पा हळूच म्हणाले, “बंदूक ल्हान न्हवती रे. अंतर मोठं हुतं.”

नियमाप्रमाणं रान बघायला जायला हवं होतं. अप्पांनी उठायला हात टेकले आणि पुन्हा बसले. नांगरटीत आता त्यांना चार पावलं जमत नाहीत. त्यांनी मला पिशवीत घातलं आणि पिशवी महेश्वरीकडं केली. ती म्हणाली, अप्पा, मी कधी उभी राहिले नाही. ते म्हणाले, मी पण पहिल्यांदा उभा राहायच्या आधी कधी राहिलो नव्हतो. आणि काय द्यायचं ते तूच ठरव, मला विचारायला फोन करू नको.

तिनं पिशवी खांद्याला अडकवली. काय ठरवायचं होतं, पाहा. मोठं माप दिलं आणि गोळी जनावरातून पलीकडं गेली, तर पलीकडं कोण असेल सांगता येत नाही. लहान दिलं, तर आणखी एक जनावर वर्षभर मरत फिरेल. आणि हे ठरवायचं कुणी, तर जिनं आजवर फक्त स्क्रू पिळले तिनं.

दुपारच्या एसटीनं आम्ही वाशीला गेलो, तिथून व्यंकटच्या मोटारसायकलवर त्याच्या वस्तीवर. त्याच्या आईनं, मुक्ताबाईंनी, महेश्वरीला भाकरी वाढली आणि कालवण वाढता वाढता विचारलं, अंडं घातलंय, चालतं ना? महेश्वरी म्हणाली, नाही चालत. मुक्ताबाईंनी पळी हवेतच धरली.

“गोळ्या विकतीस आन अंडं चालत न्हाय?”

“आम्ही विकतो, आजी. झाडत नाही.”

“मंग तर बरंय बाई. पाप बी न्हाय आन पुण्य बी न्हाय. नुस्तं दुकान.”

महेश्वरीला हसू आलं, पण मला ठाऊक आहे, तो शब्द तिला लागला. नुसतं दुकान. मुक्ताबाईंचा रोही मारायलाच विरोध होता. गाईच्या गोतातला जीव आहे म्हणायच्या. पण आडवी झालेली तूर बघून आल्या की तो विषय काढायच्या नाहीत. त्यांनी तिच्यासाठी दुसऱ्या पातेल्यात शेंगदाण्याची आमटी केली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळेला आम्ही रानात गेलो. बरोबर वनरक्षक बुद्धघोष होता, शांत, उंच, कानटोपी घातलेला. गेल्या वर्षीची नोंदही त्यानंच केली होती. रोहीला एक सवय असते, मित्रांनो. तो लेंड्या टाकायला रोज त्याच जागी येतो. व्यंकटच्या रानात, तुरीच्या कडेला असा ढीग होता. व्यंकट पश्चिमेच्या बांधावर, त्याच्या नेहमीच्या जागी रिकाम्या हातानं बसला. बुद्धघोष त्याच्याशेजारी. महेश्वरी मला घेऊन पावलं मोजत निघाली. एकशे साठ भरली.

तिनं काठी रोवली, मला बांधलं, चुन्याचा गोल व्यंकटकडं आणि घरं तुरीकडं. हात वर करून विचारलं. व्यंकटनं हात हलवला, दिसतोय. मग ती वळली आणि जनावराच्या जागेवरून मागं बघू लागली. तीही बघत होती, मीही.

बांधावरून मागं नुसती तूर दिसत होती. इथून तूर माणसापेक्षा उंच, तरी बुडाशी विरळ होती, आणि त्या बुडांमधून पलीकडं एक पायवाट दिसत होती. वाटेवर कुणीतरी चाललं होतं. हिरवं लुगडं, डोक्यावर दुधाची चरवी. मुक्ताबाई. त्यांच्यामागं तीन पोरी सायकली हातात धरून, दप्तरं पाठीवर. एकीनं काहीतरी म्हटलं आणि बाकीच्या दोघी हसल्या, ते हसू आमच्यापर्यंत आलं.

महेश्वरीनं बांधाकडं बघितलं. व्यंकट, मी, मुक्ताबाई. सरळ एक रेघ. तिनं लुगड्याकडं पुन्हा बघितलं आणि बुडांमधून नीट दिसावं म्हणून खाली बसली. गव्याचं माप असो नाहीतर काळविटाचं, तुरीच्या काड्यांनी कुठलीच गोळी थांबली नसती.

ती तशीच तुरीच्या कडेला बसून राहिली, हिरवं लुगडं दिसेनासं होईपर्यंत. म्हणूनच ते घडलं असावं.

आधी तुरीचे शेंडे हलले. वारा नव्हता. मग शेंड्यांमधून दोन आखूड काळी शिंगं दिसली, मग कान, आणि मग तूर बाजूला झाली आणि तो बाहेर आला.

मित्रांनो, माझ्या अंगावर त्याचं चित्र सत्तर वर्षं आहे. मला वाटायचं मी त्याला ओळखते. चित्रात रंग नसतो. पावसाळी ढगाचा जो काळानिळा रंग असतो, तो उतरून चार पायांवर उभा राहिला होता. गळ्याला पांढरी चंद्रकोर, छातीला केसांचा गोंडा, खुरांच्या वर पांढरे पट्टे, जणू कुणी चुन्यात बोट बुडवून काढलेले. खांदा महेश्वरीच्या डोक्याला लागला असता. नाकपुड्यांतून वाफ निघत होती. एवढं मोठं जनावर इतकं बिनआवाजी कसं चालतं, मला अजून कळलेलं नाही.

महेश्वरी पाच पावलांवर बसली होती. हलली नाही. हलणं तिला सुचलंच नसेल.

तो लेंड्यांच्या ढिगाकडं आला तेव्हा दिसलं, पुढचा डावा पाय तो टेकवतोय न टेकवतोय असा करत होता. डाव्या खांद्यावर केस गेले होते. तिथं कातडी काळसर ओली होती, मधे पाच-सहा खड्डे, आणि त्यातून पू आला होता. वर्षभराचा.

त्याला माझं नवल वाटलं. जिथं काल काही नव्हतं तिथं आज हे काय उभं आहे? तो जवळ आला, मान लांब केली आणि ओलं, गार नाक माझ्यावर टेकवलं. बरोबर सातव्या घरावर, त्याच्या स्वतःच्या चित्राच्या वर. एक मोठा श्वास घेतला आणि सोडला. तो श्वास माझ्या रिकाम्या घरातून आरपार गेला.

गाडीच्या तळाला असताना लेकी माझ्यावर बसून रडल्या आहेत. शरणप्पांचा हात माझ्यावर फिरला आहे. पण त्या श्वासासारखं काही माझ्यातून कधी गेलं नव्हतं.

मग तो वळला आणि लंगडत तुरीत शिरला. शेंडे हलले, थांबले.

व्यंकट बांधावरून धावत आला. जनावर त्यानं ओळखलं होतं, एकशे साठ पावलांवरून, चालीवरून. तो महेश्वरीला काही विचारणार होता, पण तिनं त्याला मनगटाला धरून माझ्याशेजारी उभं केलं, तोंड पूर्वेला करून, आणि खाली वाकून बघायला सांगितलं. तुरीच्या बुडांमधून वाटेवर त्याची आई रिकामी चरवी घेऊन परत येत होती.

तो बघत राहिला.

“पंधरा वर्सं मी त्या बांधावर बसतोय,” शेवटी म्हणाला.

“इथं कधी उभे राहिलात?” महेश्वरीनं विचारलं.

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

पुढचा तासभर महेश्वरी रानभर फिरली, मला काखेत मारून. उत्तरेला मुरमाची टेकडी होती. ढिगाच्या दक्षिणेला, ओढ्याच्या काठावर बसलं तर जनावराच्या पाठीमागं पूर्ण टेकडी येत होती, मऊ, उतरती, गोळी गिळून टाकणारी. पावलं भरली साठ. तिथं तिनं मला पुन्हा एकदा उभं केलं, पुन्हा एकदा मागं बघितलं. मुरूम, चार घायपातं, एक सरडा.

व्यंकट म्हणाला, आता साठच पावलं, तर काळविटाची तीनशे पंधरा बास झाली ना? ती म्हणाली, धडधाकट असता, आडवा, म्हणजे कुशी आपल्याकडं करून, उभा राहिला असता, तर झाली असती. पण रोहीची कातडी जाड, खांदा रुंद, आणि याचं आधीच एक वर्ष गेलंय. याला कमी पडायला नको.

“थर्टी-ओ-सिक्स,” ती म्हणाली. “आन आडवा उभा राहीस्तवर बोट लावायचं न्हाय. आठ दिवस लागले तरी.”

बुद्धघोष म्हणाला, कागदावर एक नर लिहिलंय, कुठला ते लिहिलेलं नाही. व्यंकट म्हणाला, कुठला ते मला ठावं हाय.

दुकानातली जुनी थर्टी-ओ-सिक्स त्याच्या परवान्यावर चढली. परवानगी काढून, गोळीबाराच्या मैदानावर तिचा नेम जुळवून घेतला. आठव्या दिवशी महेश्वरी मला घेऊन पुन्हा गेली. खरं तर जायची गरज नव्हती. अप्पांनीही विचारलं नाही. तिनं बुटांना तेल लावलं तेव्हाच ते समजले.

सकाळ होती, ओढ्याच्या काठाला धुकं होतं. आम्ही व्यंकटच्या मागं बसलो, मी तिच्या मांडीवर. तो आला. शेंडे, शिंगं, कान, मग तो सगळा. पहिल्यांदा समोर तोंड करून उभा राहिला, बराच वेळ. व्यंकटच्या कानामागून घामाचा थेंब ओघळला, थंडीत. त्यानं बोट लावलं नाही. रोहीनं मान वळवली, टेकडीकडं बघितलं, दोन पावलं लंगडला आणि आडवा उभा राहिला.

गोळीचा आवाज टेकडीला लागून परत आला. तो उभ्या उभ्या खाली बसला, जसं दिवसभराच्या कामावरून आलेलं माणूस बसतं. मग कुशीवर झाला. पाय एकदा ताणले. तूर हललीसुद्धा नाही.

व्यंकटनं रायफल रिकामी केली, पुंगळी उचलून मुठीत धरली आणि त्याच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. मुक्ताबाई तांब्या घेऊन आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी रोहीच्या तोंडात पाण्याच्या चार थेंबांची धार सोडली आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवला, गाईच्या फिरवतात तसा.

बुद्धघोषनं पंचनामा केला. मांस कुणी घ्यायचं नसतं, खड्डा करून पुरायचं असतं. त्याआधी त्यानं जुनी जखम पाहिली, सुरीच्या टोकानं एकेक छर्रा काढला आणि एका पानावर ठेवला. सहा निघाले. त्यानं नोंदीत आकडा लिहिला आणि पान व्यंकटपुढं केलं. व्यंकटनं ते सहा खिशात टाकले.

दुसऱ्या दिवशी तो धाराशिवला आला. दुकानात अप्पा, महेश्वरी आणि मी. त्यानं पुंगळी कपाटाच्या काचेवर ठेवली. पितळ अजून नवं होतं, झगझगीत. अप्पांनी ती बोटांनी चाचपली, कारण नजरेनं त्यांना तेवढं दिसत नाही. मग त्यांनी मला पुढं ओढलं. सत्तर वर्षांत पहिल्यांदा सातव्या घराच्या तोंडाशी एक पुंगळी आली होती. नेमकी बसणार होती. मला ते जाणवत होतं.

अप्पांनी वडिलांचा प्रश्न विचारला. “एका गोळीत?”

महेश्वरीनं व्यंकटकडं बघितलं. ती हो म्हणू शकली असती. तिनं डोळ्यांनी बघितलं होतं, एका गोळीत, दोन पावलंसुद्धा नाही. तिचंच पहिलं काम होतं ते, आणि तिचीच पहिली पुंगळी.

व्यंकटनं खिशात हात घातला आणि ते सहा छर्रे पुंगळीच्या शेजारी ठेवले.

“न्हाय अप्पा,” तो म्हणाला. “सात.”

भांड्यांच्या दुकानात कुणीतरी पातेलं वाजवून बघत होतं, तेवढाच आवाज. अप्पांनी पुंगळी उचलली आणि त्याच्या तळहातावर परत ठेवली. हात मात्र सोडला नाही, बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, चहा घेऊन जा.

तो गेल्यावर महेश्वरीनं मला स्वच्छ फडक्यानं पुसलं. देव्हाऱ्यातून एक उदबत्ती आणली, पेटवली आणि सातव्या घरात खोचली, लहानपणी खोचायची तशी. अप्पांना वास आला असणार. या वेळी ते रागावले नाहीत.

तर मित्रांनो, मी अशी एक फळी. सहा घरं भरलेली, एक रिकामं, आणि आता मला त्या रिकामपणाची लाज वाटत नाही. व्यंकटनं यंदा तुरीभोवती जुन्या लुगड्यांचं कुंपण केलं आहे आणि बांधावर बसणं सोडलं आहे. दर खंडेनवमीला महेश्वरी मला तेल लावते, झेंडूचं फूल ठेवते. तेवढं मला पुष्कळ आहे. तुमच्या घरी कुठली जुनी फळी पडली असेल तर तिला लगेच सरपणात टाकू नका, तिच्यातून कुणाचा तरी श्वास गेलेला असू शकतो.

आणि एक मागणं आहे, तेवढं ऐका. पुढं तुमच्या हातात काहीही येईल. बंदूक न येवो, पण गोफण येईल, दगड येईल, शब्द येईल. तो सोडायच्या आधी उठा, चालत जा, आणि ज्याच्यावर सोडायचा त्याच्या जागी एकदा उभे राहा. तिथून वळून मागं बघा. मग परत या, आणि काय करायचं ते ठरवा.